बेटावरचें चीजचें ताट आणि मेंढपाळाचा वाटा

उन्हाळ्यांत समुद्रकांठीं चार दिवस विसाव्यास जाणारा पाहुणा आपल्याबरोबर पैसा आणतो, हें सर्वांस मान्य आहे. परंतु तो पैसा त्या भूमींत मुरतो कीं आल्या बोटीनेंच परत जातो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें या प्रश्नाचा निकाल बहुधा जेवणाच्या वेळींच लागतो. युरोपांतील अशा पाहुण्यांत एक रिवाज चांगलाच रुळला आहे. बेटावर उतरावें, दोन-तीन दिवस गांवोगांव हिंडून तेथलेंच चीज, तेथलींच फळें, मध, तेल व लोणचीं गोळा करावीं, आणि सायंकाळीं एका लाकडी फळीवर मांडून चौघांनीं मिळून खावीं. हा श्रीमंतांचा चोचला आहे असें म्हणून आमचे कांहीं वाचक पान उलटतील. त्यांस विनंति कीं, त्यांनीं क्षणभर थांबावें. हें ताट खरेपणानें मांडलें गेलें तर त्यांत ओसाड जमिनीवरील शेतकऱ्याच्या वर्षाच्या श्रमाचें मोल होतें. खोटेपणानें मांडलें गेलें तर त्याच शेतकऱ्याचें नांव पुढें करून दुसराच कोणी पैसा नेतो.

उदाहरणासाठीं आम्ही क्रोएशिया देशांतील पाग हें बेट घेतों. ॲड्रिॲटिक समुद्रांतील हें बेट लांबट असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें २८५ चौरस किलोमीटर आहे. समोर मुख्य भूमीवर व्हेलेबित पर्वताची रांग उभी आहे. हिंवाळ्यांत या पर्वतावरून ‘बुरा’ नांवाचा थंड व कोरडा वारा इतक्या जोरानें खालीं उतरतो कीं, मधल्या समुद्राचे तुषार उडून बेटाच्या त्या बाजूवर मिठाचा थर बसतो. तेथें झाड म्हणून दिसत नाहीं. नुसता पांढरा खडक. आमच्या माणदेशांतील माळही त्यापुढें हिरवा वाटावा.

अशा भूमींत माणसानें काय पिकवावें? पागच्या लोकांनीं मेंढी पाळली. खडकांच्या भेगांत सेज ही तुळशीच्या कुळांतील सुगंधी वनस्पति व तिच्यासारखीं ठेंगणीं, चिवट झुडपें उगवतात. त्यांवर तें वाऱ्याचें मीठ बसलेलें असतें. पागची मेंढी अंगानें लहान, काटक, आणि वर्षभर उघड्यावर चरणारी. एकोणिसाव्या शतकांत तिच्यांत मेरिनो जातीचें रक्त मिसळलें गेलें तें लोंकरीसाठीं. आज मात्र दूध व कोंकरें हेंच तिचें मुख्य उत्पन्न आहे. कुरणांच्या सीमा चुना किंवा माती न लावतां नुसते दगड रचून घातलेल्या गडग्यांनीं आंखलेल्या आहेत. हे गडगे रचण्याची कला २०१८ सालीं युनेस्कोनें क्रोएशिया व इतर कांहीं देशांच्या नांवें मानवजातीच्या वारशांत नोंदविली. कोंकणांतील ज्या शेतकऱ्यानें आपल्या हातानें गडगा घातला आहे, त्यास या सन्मानाचें कारण सांगावें लागणार नाहीं. फक्त आपल्या गडग्याकडे अजून कोणी पाहिलें नाहीं याचें त्यास नवल वाटेल.

या मेंढीचें दूध थोडें. दिवसाला लिटरभरही मिळत नाहीं. परंतु तें घट्ट असतें. गाईच्या दुधाचें एक किलो कठीण चीज करण्यास दहा लिटरांच्या आसपास दूध लागतें, तेथें मेंढीचें पांच-सहा लिटर पुरतें. तरीही हिशेब करून पाहावा. एक किलो चीज म्हणजे निदान सहा-सात मेंढ्यांचें दिवसाचें सर्व दूध झालें. तें दूध तापवून, रेनेट घालून गोठवितात. मग तें घट्ट दही कापून, निवळी गाळून, साच्यांत दाबून, मिठाच्या पाण्यांत बुडवून फळ्यांवर मुरत ठेवतात. निदान दोन महिने मुरल्यावांचून त्यास ‘पाश्की सिर’ म्हणजे पागचें चीज हें नांव लावतां येत नाहीं. चांगलें चीज वर्षभर व त्याहूनही अधिक ठेवतात. जसजसें मुरतें तसतसें तें आटतें, ठिसूळ होतें व जिभेवर किंचित् तिखट लागूं लागतें.

आतां या धंद्यांतील खरी मेख सांगतों. मेंढ्या हिंवाळ्यांत वितात, आणि दूध मिळतें तें साधारणपणें जानेवारीपासून जूनपर्यंत, फार तर जुलैच्या आरंभापर्यंत. ऊन तापलें, गवत वाळलें कीं दूध आटतें. आणि पाहुणे केव्हां येतात? जुलै-ऑगस्टांत. म्हणजे दूध असतें तेव्हां गिऱ्हाईक नाहीं, आणि गिऱ्हाईक दाराशीं येतें तेव्हां मेंढी आटलेली. सुगीच्या दिवसांत पडलेला भाव आणि पुढें तीन-चार महिन्यांनीं चढलेला भाव ज्यांनीं पाहिला आहे, त्या आमच्या वाचकांस याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाहीं. हें चीज म्हणजे दुधाचें पेंव आहे. मार्चमधलें दूध ऑगस्टमधल्या गिऱ्हाइकापर्यंत न नासतां पोंचविण्याची ही युक्ति आहे, आणि नासूं न देतां शिवाय चव वाढवीत नेणें हें तर कोणत्याही धान्याच्या पेंवाला साधलेलें नाहीं.

ही एक गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे बाकीचें ताटही निराळें दिसूं लागतें. उत्तरेकडून येणाऱ्यास प्रिझ्ना येथली बोट थोड्याच वेळांत पलीकडच्या धक्क्यास नेऊन सोडते. दक्षिणेकडून १९६८ सालीं झालेल्या पुलावरून मोटारीनें येतां येतें. बेटाच्या उत्तर टोंकास लुन गांवाभोंवतीं जुन्या ऑलिव्ह वृक्षांचें बन आहे. त्यांतील कांहींचें वय हजार वर्षांच्या वर मानतात. तेथें तेल निघतें तें शरदांत, तेव्हां ऑगस्टांत हातीं येतें तें मागल्या हंगामाचें. तेथून दक्षिणेकडे कोलान हें मेंढ्यांचें व चीजचें गांव. चीज घ्यावें तें येथें. सेजच्या फुलांवरचा मध वसंतांतला. समुद्रकांठच्या खडकांवर मोतार नांवाची जाड पानांची खारट वनस्पति उगवते; तिचीं कोंवळीं पानें खुडून शिरक्यांत मुरवितात, आणि त्या लोणच्याची एक काडी चीजच्या तुकड्याशेजारीं असली म्हणजे तोंडाचा स्निग्धपणा कापला जातो. अंजीर मात्र ऑगस्टांत झाडावरच पिकलेलें मिळतें. पुरंदरच्या अंजिराशीं त्याची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतों. बेटावर गेगिच नांवाच्या पांढऱ्या द्राक्षाची जात आहे व तिची दारू होते. ज्यांस ती वर्ज्य आहे त्यांनीं तो पेला रिकामा ठेवावा, ताटाचें कांहीं बिघडत नाहीं. राहतां राहिलें मीठ. पाग शहराजवळ शतकानुशतकें मिठागरें चालत आलीं आहेत, आणि मीठ हें तर नेमकें उन्हाळ्याचेंच पीक. पाव कोठल्या गव्हाचा हें आम्ही विचारीत नाहीं. खडकावर गहूं पिकवावा असा आमचा आग्रह नाहीं.

म्हणजे एका सायंकाळच्या ताटांत हिंवाळ्याचें दूध, शरदाचें तेल, वसंताचा मध आणि त्याच आठवड्याचें अंजीर एकत्र येतें. पाहुणा चार दिवसांचा; त्याच्यापुढें वर्ष मांडलेलें असतें. त्याची किंमत त्यानें वर्षाची द्यावी, आणि ती वर्ष राबणाऱ्यास मिळावी, असें आमचें म्हणणें आहे.

ती तशी मिळते काय? येथें दोन गोष्टी निरनिराळ्या धरल्या पाहिजेत. एक दुधाची किंमत, दुसरी थांबण्याची. जो मेंढपाळ आपलें सर्व दूध चीजच्या कारखान्यास घालतो, त्यास दुधाचा भाव मिळून त्याचा व्यवहार तेथेंच संपतो. पुढें आठ-दहा महिने चीज मुरून त्याची जी किंमत वाढते ती ज्याची कोठी त्याची. यांत कारखानदारास आम्ही दोष देत नाहीं. भांडवल अडकवून ठेवणें, कोठीचा गारवा सांभाळणें, बिघडलेला माल सोसणें हीं कामें फुकट होत नाहींत. परंतु त्या किंमतींत चरणाऱ्या मेंढीचा, खाऱ्या कुरणाचा आणि गडगा सांभाळणाऱ्या हातांचाही अंश आहे, व तो दुधाच्या पहिल्या भावांत कधींच पुरतेपणीं मोजला जात नाहीं. कारण दूध विकण्याच्या दिवशीं ऑगस्टमधला पाहुणा कोणी पाहिलेला नसतो.

यावर उपाय दोन दिसतात. पहिला जुना आहे: आपल्या दुधाचें निदान कांहीं चीज घरीं करावें, घरच्या कोठींत मुरवावें व दारांतून विकावें. पागवर असें विकणारीं कुटुंबें आजही आहेत, आणि ताट जमवीत फिरणारा पाहुणा त्यांच्याच उपयोगाचा. हॉटेलांत बसून मागविणाऱ्यास चीज हा एक पदार्थ असतो. दारीं आलेल्यास तो मेंढ्यांसकट दिसतो, आणि मेंढी पाहिलेला मनुष्य भावाची घासाघीस कमी करतो, असा आमचा तर्क आहे. दुसरा उपाय सहकाराचा: दुधाचा पहिला हप्ता दूध घालतांना आणि दुसरा माल विकल्यावर. आमच्याकडील कांहीं सहकारी दूधसंघ दिवाळीच्या सुमारास सभासदांस दरफरक देतात, त्यामागील तत्त्व हेंच. दूध रोजच्या रोज विकणाऱ्या संघास जें साधतें तें वर्षभर चीज मुरविणाऱ्यास अधिकच लागू पडावें.

नांवाच्या रक्षणाचा प्रश्न याहून सोपा वाटतो, पण तसा तो नाहीं. २०१९ सालीं युरोपीय संघानें पाश्की सिर या नांवास उत्पत्तिस्थानाचें संरक्षण दिलें. बेटाबाहेर केलेल्या चीजला तें नांव लावतां येत नाहीं. हें योग्यच झालें. परंतु वेष्टनावरचें नांव वाचतां येतें. खानावळींत पातळ कापून, अंजिराखालीं दडवून वाढलेल्या तुकड्याचें काय? ऐन हंगामांत गर्दी उसळलेली असते, मागणी मोठी असते, आणि खरें चीज महाग. अशा वेळीं कोठलेंही स्वस्त मेंढीचें किंवा गाईचें चीज ‘बेटाचें ताट’ म्हणून पुढें सारण्याचा मोह कोणत्याही देशांतील खानावळवाल्यास होणारच. आमच्या मतें ताट विकणारानें ज्याचें चीज त्याचें नांव पाटीवर लिहावें आणि सालीसकट तुकडा वाढावा. ज्यास हें जड वाटतें त्यानें ताटास नुसतें ‘चीजचें ताट’ म्हणावें. बेटाचें नांव त्याचें नव्हे.

याच बेटावर झर्चे नांवाचा किनारा आहे, जेथें उन्हाळ्यांत रात्रभर संगीत चालतें व तरुणांची झुंबड उडते. त्या पाहुण्यांस ताट नको असतें, खोली हवी असते. दगडाळ जमिनीवर खोल्या बांधून भाडें घेणें हें मेंढ्या राखण्याहून सोपें आहे, आणि तो मार्ग धरणाऱ्या शेतकऱ्यास नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. फक्त इतकेंच कीं, एकदां कुरण गेलें म्हणजे ज्या चवीसाठीं दुसऱ्या प्रकारचा पाहुणा येतो ती चवही गेली. आणि ती परत बांधून काढतां येत नाहीं.

आमच्या किनाऱ्याकडे पाहतां दैव आम्हांस अधिक अनुकूल आहे. कोंकणांत पाहुणा मे महिन्यांत येतो, आणि हापूस व कोकम त्याच सुमारास पिकतात. पागच्या मेंढपाळाप्रमाणें गिऱ्हाइकासाठीं दूध कोंडून ठेवण्याची पाळी आम्हांवर येत नाहीं. आमसूल हें तर आमचें पेंवच आहे: कोकमाची साल त्याच्याच रसांत पुन्हां पुन्हां भिजवून वाळविली कीं वर्षभर टिकते. नांवाचें रक्षणही झालें आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या कोकमास २०१६ सालीं आणि हापुसास २०१८ सालीं भौगोलिक चिन्ह मिळालें. असें असूनही समुद्रकांठच्या कित्येक उपाहारगृहांत पाहुण्यापुढें बाटलीबंद रंगीत पेय येतें आणि कोकमाचें सरबत मागून मिळत नाहीं. बागाईतदार व उपाहारगृहवाला हे पुष्कळदां एकाच घरचे असतात, हें लक्षांत घेतां हा प्रकार विशेषच चमत्कारिक वाटतो.

पागला जाण्याचा योग ज्यांस येईल, त्यांच्यासाठीं दोन शब्द. चीज दोन वयांचें घ्यावें, एक कोंवळें व एक वर्ष उलटलेलें, आणि खाण्यापूर्वीं तासभर गारव्यांतून बाहेर काढून ठेवावें. कोंवळें आधीं खावें. त्यावर मीठ घालूं नये. तें वाऱ्यानें आधींच घातलें आहे. विकणारास दूध कोणत्या महिन्याचें हें अवश्य विचारावें. खरा माणूस तत्काळ सांगतो. निवळी पुन्हां तापवून तिच्यांतून एक मऊ, पांढरा पदार्थ काढतात, त्यास ‘स्कुता’ म्हणतात. तो ताजाच खावयाचा असतो, टिकत नाहीं. ऑगस्टांत कोणी ताजी पागची स्कुता म्हणून पुढें केली तर ती घेऊं नये. ती खावयाची असेल तर बुरा सोसण्याची तयारी ठेवून मार्चांत जावें.