‘पैसे आयडीत आहेत, मॅडम’

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली



22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायची रमी, पोकर, फँटसी क्रिकेट यांचे धंदे पाठोपाठ बंद झाले. मी तालुक्याच्या गावात माध्यमिक शाळेत शिकवते. रमीच्या ॲपपायी कर्जात बुडालेली घरं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून आधी मनापासून आभार मानते. पण रमीचा नाद मोठ्यांना होता. मुलांचे पैसे दुसऱ्याच दारानं जातात, आणि ते दार अजून सताड उघडं आहे.

बॅटल रॉयल गेम फुकट डाउनलोड होतात. कंपनीची कमाई होते ती कपडे, गाड्या आणि बंदुकांच्या स्किनवर. त्यासाठी गेममधलं चलन लागतं: बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड. दोन्हींचा टॉप-अप रुपयांत करायचा. एखादी स्किन ठरलेल्या किमतीला सरळ विकत मिळत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. वाढदिवसाच्या पैशांतून मुलानं आपल्या कॅरेक्टरला जॅकेट घेतलं, तर घेऊ दे. पण ज्या बंदुकीसाठी सगळा वर्ग जीव टाकतो ती सहसा अशी सरळ मिळत नाही. ती क्रेटमध्ये, म्हणजे बंद पेटीत असते. यूसी भरायचं, क्रेट उघडायचं, निघेल ते निमूट घ्यायचं. शाळेबाहेरच्या टपरीवर आपण सगळ्यांनी सोरट काढली आहे. हे तेच आहे. मात्र टपरीवर खिशातली नाणी संपली की खेळ संपायचा. इथे आईच्या फोनमधलं यूपीआय आहे आणि त्याचा पिन मुलाला पाठ आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलानं मला टेलिग्रामवरच्या ग्रुपमधली, आयडी म्हणजे गेममधलं खातं विकायची एक जाहिरात दाखवली. ‘गन मॅक्स, 30+ मिथिक, सिंगल लॉगिन, फुल सेफ, 12 हजार फिक्स. टाइमपासवाल्यांनी डीएम करू नये.’ खाली इन्व्हेंटरीचे स्क्रीनशॉट, एकाखाली एक. त्यानं स्वतः वर्षभरात क्रेटवर किती घातले, ते त्याला नीट सांगता येईना. मी रागावले तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, पैसे गेले नाहीत. आयडीत आहेत.’

मंत्रिमहोदय, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. पोरगं खोटं बोलत नव्हतं. आयडी विकता येते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून क्रेटवर घातलेला प्रत्येक रुपया त्याला खर्च वाटत नाही, ठेव वाटते. खेळाडूंचा हा चोरटा बाजार कंपन्यांच्या नियमांत बसत नाही. पण क्रेटची ओढ वाढते ती त्याच बाजारामुळे, आणि क्रेटचे पैसे कंपनीलाच मिळतात.

आणि ती ठेव बुडते कशी, तेही ऐका. आमच्याच शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्यानं अशी आयडी घेतली. पैसे दिले, पासवर्ड बदलला, चार दिवस खेळला. मग एका सकाळी लॉगिन होईना. आयडी मुळात ज्या मेलला जोडलेली असते तो मूळ मालकाकडेच राहतो. जुन्या टॉप-अपच्या पावत्या दाखवून तो ती परत मिळवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विकतो. मुलानं कंपनीला लिहावं, तर आयडी विकत घेतल्याची कबुली दिली म्हणून तीच कायमची बॅन होणार. पोलिसांत जावं, तर पहिला प्रश्न येतो की चोरीला गेलेली वस्तू तुझी होती का? कंपनीच्या अटींनुसार ती कधीच त्याची नव्हती. खेळाडूला फक्त वापरायचा परवाना असतो, मालकी कंपनीची. रुपये मात्र खरे होते. ते त्यानं सुट्टीत मेडिकलच्या दुकानात काम करून साठवले होते.

त्या अटी तरी कोणी मान्य केल्या? चौदा वर्षांच्या मुलानं बटण दाबून. अठरा वर्षांखालच्या अज्ञान व्यक्तीनं केलेला करार मुळातच निरर्थक असतो, हे आपल्याकडे 1903 सालच्या मोहरी बीबी खटल्यापासून ठरलेलं आहे. सव्वाशे वर्षं होत आली, तरी त्या बटणावर कोट्यवधींचा धंदा चालतो.

तुमच्या कायद्यात याचं उत्तर जवळजवळ आहे. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, वस्तू, मग ती खरी असो वा आभासी, हे सगळं त्यात पणाला लावण्याच्या गोष्टींच्या व्याख्येत घेतलं आहे. पण बंदी आहे ती जिंकून पैसा किंवा अन्य लाभ मिळण्याच्या आशेनं ते पणाला लावलं तर. कंपनी म्हणेल, आमच्या स्किनचे पैसे आम्ही परत देत नाही, मग लाभ कसला? लाभ बाहेर मिळतो, टेलिग्रामवर, आणि त्याचा भाव गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

शब्दांच्या अशा फटीतून काय निसटतं ते नेदरलँड्समध्ये दिसलं. फिफा गेममधल्या खेळाडूंच्या पाकिटांवरून ईए कंपनीला झालेला एक कोटी युरोंचा दंड तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं मार्च 2022 मध्ये रद्द केला. कारण काय, तर पाकीट उघडणं हा स्वतंत्र खेळ नाही, मोठ्या खेळाचाच भाग आहे. शेजारच्या बेल्जियमनं 2018 मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं होतं. दक्षिण कोरियात मार्च 2024 पासून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे सांगणं सक्तीचं आहे. बीजीएमआयची क्राफ्टन ही कंपनी तिथलीच.

आणि हा बाजार फक्त पोरांचा राहत नाही. काउंटर-स्ट्राइक गेमच्या पेट्या उघडायच्या नव्या चाव्यांची खेळाडूंमधली देवघेव व्हॉल्व्ह कंपनीनं 2019 मध्ये बंद केली. जगभरातल्या टोळ्या फसवणुकीचा पैसा त्या चाव्यांतून फिरवतात, असं कंपनीनंच जाहीर केलं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच कंपनीनं पाच लाल स्किनच्या बदल्यात सुरी किंवा हातमोजे मिळवायची सोय केली, आणि हजारो डॉलरना विकल्या जाणाऱ्या सुऱ्यांचे भाव रातोरात कोसळले. ज्यांनी त्या पैसे साठवल्यासारख्या जपल्या होत्या, त्यांना दाद मागायला जागाच नव्हती.

एखादा गेम पैशांचा खेळ आहे की नाही हे आपण होऊन तपासण्याचा अधिकार या कायद्यानं ऑनलाइन गेमिंग प्राधिकरणाला दिला आहे. माझी पहिली मागणी तीच आहे: प्राधिकरणानं क्रेटचा प्रश्न स्वतःहून हाती घ्यावा आणि बाहेर ज्या वस्तूला रुपयांत भाव आहे तिला ‘निव्वळ करमणूक’ म्हणून सोडू नये. अठरा वर्षांखालच्यांसाठी नशिबावर निघणारी प्रत्येक विकतची पेटी बंद करावी. मर्यादा घालून हे भागणार नाही. बीजीएमआयनं 2021 मध्ये अज्ञान मुलांसाठी जाहीर केलेली खर्चाची मर्यादा दिवसाला 7,000 रुपये होती. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत आठवड्याचीसुद्धा तेवढी मिळकत नाही.

आयडीच्या खरेदी-विक्रीबद्दल मात्र घाईनं पोरांवर गुन्हे दाखल करू नका, एवढी विनवणी आहे. कायद्यानं रमी खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलेलं नाही, तोच न्याय इथे लावा. त्याऐवजी कंपन्यांना विचारा की आयडी हस्तांतर करायची सुरक्षित सोय देणार, की ते खरोखर अशक्य करून दाखवणार? दोन्ही टाळून त्यांनी फक्त अटींत एक ओळ लिहून ठेवली आहे, आणि फसलेल्या मुलाला त्याच ओळीची भीती वाटते. तोवर सायबर पोलिसांना लेखी सूचना द्यावी की अशा तक्रारीत वस्तू कोणाची हा वाद न घालता दिलेल्या पैशांच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदवून घ्यावा.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांच्या हातात नातेवाइकांनी दिलेले पैसे असतात. त्याआधी प्राधिकरणाकडून काही हालचाल व्हावी, अशी अपेक्षा आहे.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका