मातीत शिसे, दोष मात्र शेतकऱ्याला



ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात रुळांच्या कडेला वर्षानुवर्षे पालक आणि माठ पिकत आला, तोही बराचसा नाल्याच्या पाण्यावर. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी उल्हास व वालधुनी नद्यांत जाते, हे प्रकरण हरित लवादापुढे गेले. २०१५ साली लवादाने सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्यात नदीची चर्चा झाली. मातीची कोणी केली?

आपण म्हणाल, कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला याचे काय? औद्योगिक वसाहत आता जिल्ह्याजिल्ह्यात आहे, तिचा नाला कोणाच्या तरी शिवारातूनच वाहतो. शिवाय शहराचा कचरा कंपोस्ट म्हणून आपल्याकडेच यायचा आहे. २०१६ साली केंद्राने त्यासाठी टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य मंजूर केले. कचऱ्यात सेल आणि ट्यूबलाइट मिसळल्या, तर शिसे, पारा, कॅडमियमही खतात येणार.

जस्त, तांबे पिकाला चिमूटभर लागते. शिसे, कॅडमियम यांची काडीचीही गरज नाही. तरी कॅडमियम जस्ताच्याच वाटेने मुळात शिरते. मग मुळे खुंटतात, लोह नीट चढत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. खरा घाव बसतो फुलोऱ्यात. परागकण वांझ होतात. रुजले तरी त्यांची नळी बीजांडापर्यंत पोचत नाही. कपाशीत पाते गळते, ज्वारीच्या कणसात दाणा भरत नाही.

पाण्याच्या ताणानेही असेच दिसते. म्हणून कोणी म्हणते खत कमी पडले, कोणी म्हणते फवारणी चुकली. शेतकरी आणखी एक पोते, आणखी एक बाटली उधारीवर आणतो. उत्पन्न घटते, खर्च वाढतो, आणि अडाणी ठरतो तोच. काळी जमीन धातू घट्ट धरते, म्हणून विष उशिरा दिसते. पण धातू कुजून नाहीसा होत नाही.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा नोंदी असतात. त्यांत जस्त, तांबे कमी आहे का ते कळते; शिसे, कॅडमियमचा रकानाच नाही. जे मोजायचेच नाही, त्याची भरपाई कोण देणार?

संशय असेल तर नाल्याकाठची आणि दूरची माती दोन कुंड्यांत भरून त्यांत ज्वारी पेरा. दहा दिवसांनी मुळे धुऊन शेजारी ठेवा. फरक दिसला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पक्का निकाल तिथेच लागेल.

तालुका बैठकीत तीन ठराव व्हावेत. वसाहतीच्या खालच्या अंगाच्या गावांत शिसे-कॅडमियमची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. शहरी कंपोस्टचा तपासणी अहवाल हाती आल्याशिवाय पोते उतरवू नये. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅमच्या आत हवे. आणि प्रदूषण सिद्ध झाले तर घटलेल्या उत्पन्नाची भरपाई प्रदूषण करणाऱ्याकडून थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावी.

आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही. पण त्यांच्या नफ्याचा गाळ आमच्या वावरात का?