घरचा सिनेमा

संपादन हा शब्द मी गेली वीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो आहे. प्राचीन काव्याच्या तासाला तो हटकून येतो. हस्तलिखिते गोळा करावीत, पाठभेद ताडून पाहावेत, लेखनिकाच्या डुलकीत गळलेली ओळ जागेवर आणावी आणि मागाहून कोणी घुसडलेली ओवी हलकेच बाजूला काढावी, हे संपादकाचे काम, असे मी सांगतो आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली, हे सांगताना तर माझा आवाज थोडा चढतो. या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे आणि तो माणसाला रात्री दोन वाजेपर्यंत जागा ठेवतो, हे मला यंदाच्या वैशाखापासून कळू लागले.

त्याचे असे झाले. आमच्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन गेल्या माघात थाटाने पार पडले. माझे आतेभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी कार्यालय घेतले होते, आचारी आणले होते, आणि २०११ साली घेतलेला आपला व्हिडिओ कॅमेरा तिपाईवर उभा केला होता. शिवाय पाच नातेवाइकांचे पाच मोबाइल हवेत होतेच. सगळे मिळून सहा तास चाळीस मिनिटांचे चित्रण झाले आणि घरोघरी होते त्याप्रमाणे ते जिथल्या तिथे पडून राहिले. पुढे चैत्रात आत्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा मात्र परत आली नाही. ती सर्वांना ओळखते, हसते, डोळ्यांनी रागावतेसुद्धा. पण शब्द उमटत नाहीत. तेव्हा त्या चित्रणाची सगळ्यांना एकदम आठवण झाली. समारंभात सत्काराला उत्तर म्हणून आत्या नऊ मिनिटे बोलली होती. ती नऊ मिनिटे मध्यभागी ठेवून वीस मिनिटांचा सिनेमा करावा आणि गणपतीला सगळे जमतील तेव्हा पाहावा, असे ठरले. हा मराठीचा प्राध्यापक आहे, कॉलेजच्या वार्षिक अंकाचे संपादन करतो, तेव्हा हेही संपादन यालाच जमेल, असा निष्कर्ष दादांनी काढला. तर्कशास्त्राचे प्राध्यापक आमच्या नात्यात कोणी नाहीत.

पहिल्याच रात्री माझ्या संगणकाने मान टाकली. चित्र दोन पावले चाले आणि थबके. आत्याचे तोंड उघडे राही आणि आवाज पुढे निघून जाई. असे का व्हावे हे विचारायला मी भाच्याला बोलावले. तो आतेबहिणीचा मुलगा, संगणकाच्या धंद्यात आहे आणि मामाला काही शिकविण्याची संधी सहसा सोडीत नाही.

त्याने जे सांगितले ते मला माझ्या भाषेत मांडू द्या. हाय डेफिनिशन चित्राच्या प्रत्येक चौकटीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाची नोंद तीन बाइटांची धरली आणि सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या, तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. दादांचा कॅमेरा फार तर सेकंदाला चोवीस मेगाबिट, म्हणजे तीस लाख बाइट, लिहितो. पन्नास भागांतला एक भाग ठेवला आणि बाकीचे गाळले! कसे? तर पोथी नकलणाऱ्या चतुर कारकुनासारखे. पहिली चौकट तो पूर्ण लिहितो. पुढच्या चौकटीत भिंत तीच, तोरण तेच, खुर्ची तीच. तिथे तो "वरीलप्रमाणे" असा शेरा मारतो आणि आत्याचा हात जेवढा हलला तेवढेच लिहितो. अशा कितीतरी चौकटी "वरीलप्रमाणे" गेल्या की मग पुन्हा एक पूर्ण चौकट येते. नुसते पाहायचे असेल तोवर हा हिशेब छान चालतो. पण संपादकाला मधलीच एखादी चौकट हवी असते, आणि तिथे तर "वरीलप्रमाणे" असे लिहिलेले! मग बिचारा संगणक वर शोधीत जातो, पूर्ण चौकट गाठतो आणि तिथून बेरजा करीत खाली उतरतो. दर वेळी. त्याने मान टाकली यात नवल नाही.

दादासाहेब फाळके यांना ही अडचण नव्हती. त्यांच्या फिल्मवर प्रत्येक चौकट आपल्या पायावर उभी असे. कात्री लावली की तुकडा हातात येई. त्यांच्या अडचणी निराळ्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरी सरस्वतीबाईंनी आपल्या अंगावर घेतल्या होत्या. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे कामसुद्धा त्या करीत. हा दाखला मी घरी ऐकवला. "मग मी काय करू?" असे हिने विचारले. उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते, म्हणून मी चहा मागितला.

भाच्याने उपाय सांगितला तो सोपा होता. मूळ चित्रणाची एक लहान, हलकी, कच्ची नक्कल करून घ्यायची. तिला प्रॉक्सी म्हणतात. कापाकापी सगळी तिच्यावर करायची, आणि शेवटी पक्की प्रत काढताना संगणक आपण होऊन मूळ चित्रणाकडे जातो. शाईने लिहिण्याआधी पाटीवर खरडावे तसे. यानंतर गाडी चालू लागली.

चालू लागली म्हणजे पुढचे खड्डे दिसू लागले. आत्याने हात उचलला की त्याच्या कडेला फणीचे दाते फुटत. कारण त्या कॅमेऱ्याला पूर्ण चित्र एका दमात घेण्याची सवय नाही. तो सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे घेतो, एकदा विषम ओळींची आणि एकदा सम ओळींची. कवितेच्या पहिली, तिसरी, पाचवी अशा ओळी आधी वाचाव्यात आणि दुसरी, चौथी, सहावी मागाहून, तसा हा प्रकार. मधल्या क्षणात हात हलला की दोन अर्धी एकमेकांत बसत नाहीत. त्यावर उतारा म्हणून संगणकात एक कळ आहे. ती दाबली की दाते बोथट होतात.

मोबाइलवाल्यांचे दुखणे वेगळे. त्यातल्या तिघांनी मोबाइल उभा धरला होता. आडव्या पडद्यावर असे चित्र तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी रुंदी भरते. दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचे लग्न पाहिल्यासारखे वाटते. शिवाय मोबाइल सेकंदाला ठरल्या संख्येने चौकटी घेतीलच असे नाही. उजेड कमी झाला की ते हात आखडतात. अर्ध्या तासाच्या चित्रणात शेवटी शेवटी ओठ मागे आणि शब्द पुढे. अशा फिती आधी एका ठराविक चालीत बांधून घेतल्या आणि मगच मी त्यांना मांडीवर घेतले. हे सगळे करण्यात ज्येष्ठ संपला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली, ही माहिती मी या काळात घरी दोनतीनदा सांगितली.

आणि मग आत्याच्या त्या नऊ मिनिटांशी मी येऊन थांबलो.

आत्याचे लग्न १९६२ सालचे. मुंबईची मुलगी, सासर राजापूरच्या बाजूला खाडीकाठी. त्या काळी कोकणात आगबोटीने जात. बोट धक्क्याला लागत नसे; बाहेर पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला येत. आत्या हे सांगत होती. पडाव हा शब्द तिने उच्चारला, आणि ती थांबली. पदराचे टोक बोटांना गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. अकरा सेकंद. मागे कोणाचे तरी मूल रडते आहे, भांडे पडल्याचा आवाज होतो. मग तिने सांगितले की तांडेलाने विचारले, कोणाच्या घरची गो तू? आणि तिच्या तोंडून माहेरचे आडनाव गेले. पडावातली सगळी माणसे हसली. नवी नवरी, नवे आडनाव विसरली! ही गोष्ट तिने त्याआधी कधीही, कोणालाही सांगितली नव्हती. दादांनासुद्धा नाही.

भाचा म्हणाला, "मामा, ते अकरा सेकंद काढून टाका. लोक थांबत नाहीत हो हल्ली. गोष्ट लगेच यायला हवी."

मी कापून पाहिले. पडाव म्हटल्याबरोबर तांडेल आला, लोक हसले, सगळे चटपटीत झाले. आत्या एखाद्या कार्यक्रमात किस्से सांगणाऱ्या बाईसारखी दिसू लागली. साठ वर्षे जी गोष्ट तिने पोटात ठेवली ती सांगावी की न सांगावी, हे तिने त्या अकरा सेकंदांत ठरवले होते. ते ठरवणेच आता दिसेना. मी कापलेले परत जोडले.

दादांचे म्हणणे अगदी उलट टोकाचे. काहीच कापू नये. विशेषतः पाहुण्यांची भाषणे. "साहेब एवढ्या लांबून आले होते रे!" हे त्यांचे वाक्य. अखेर भाषणांची अडतीस मिनिटांची स्वतंत्र फीत करायची, तीही सर्वांत वरच्या दर्जाची, असा तह झाला.

यानंतरची पायरी एक्स्पोर्टची, म्हणजे निर्यातीची. निर्यात म्हटले की आपल्याला हापूस आठवतो. तिथे उत्तम माल बाहेर जातो आणि डागी फळ घरी राहते. इथे उलटे आहे. जी प्रत बाहेर जाते ती पुन्हा एकदा त्या चतुर कारकुनाच्या हाताखालून जाते आणि तो पुन्हा काहीतरी गाळतो. किती गाळायचे ते आपण सांगायचे. सेकंदाला दोन मेगाबिट म्हटले तर वीस मिनिटांचा सिनेमा तीनशे मेगाबाइटांत मावतो, सोळा म्हटले तर दोन हजार चारशे लागतात. मी दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तिपाईवरच्या कॅमेऱ्यापुढून माणसे ये-जा करतात तिथे दोन मेगाबिटांची तारांबळ उडते, चौकोनी ठिगळे दिसतात. पण मला जाणवले ते आत्याच्या चेहऱ्यावर. हात आखडला की यंत्र आधी बारीक तपशील सोडते, आणि त्याच्या लेखी सुरकुत्या म्हणजे बारीक तपशील. लुगड्याचा पोत गेला, गालावरच्या रेषा गेल्या, आत्या सत्तरीची झाली. कुटुंबाच्या मोबाइलवरच्या गटातून हीच प्रत या हातातून त्या हातात जाऊन परत माझ्याकडे आली तेव्हा तर ती पन्नाशीची होती. मी सोळा मेगाबिटांची प्रत पक्की केली. तिला संगणकाने दोन तास दहा मिनिटे घेतली. त्याआधी एकदा त्र्याण्णव टक्क्यांवर वीज गेली, ते वेगळे.

भाच्याने हौसेने एक प्रत एच २६५ या नव्या पद्धतीने काढून दिली होती. कमी जागेत तेवढेच चांगले चित्र बसते म्हणून. दादांच्या जुन्या टीव्हीवर तिचा नुसता आवाज आला. नाव तर एमपी४च होते! पण एमपी४ हा नुसता डबा आहे. डब्यावरून आत चकली आहे की कडबोळी ते कळत नाही, आणि दादांच्या टीव्हीला ही कडबोळी चावत नव्हती. तेव्हा जुन्या एच २६४ पद्धतीची प्रत कायम केली. भाषणांची फीत निराळ्याच कारणाने अडली. चोवीस मेगाबिटांनी ती जवळजवळ सात गिगाबाइटांची झाली, आणि सोळा गिगाबाइटांचा रिकामा पेन ड्राइव्ह तिला आत घेईना. त्या पेन ड्राइव्हची मांडणी फॅट ३२ या जुन्या रीतीची. तीत चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावतच नाही. खोलीत जागा भरपूर, पण दारातून कपाट जात नाही. त्याची मांडणी बदलून घेतली तेव्हा दादांचे पाहुणे आत गेले.

मूळ चित्रण, सहाच्या सहा तास चाळीस मिनिटे, मी दोन निरनिराळ्या डिस्कवर उतरवून एक माझ्याकडे आणि एक आतेबहिणीकडे नागपूरला ठेवली आहे. भाच्याला हा अडाणीपणा वाटतो. सिनेमा झाला, आता तो कच्चा माल कशाला? मी त्याला सावेदादांची गोष्ट सांगितली. रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले तेव्हा, १९०१ साली, त्यांच्या स्वागताचे चित्रण सावेदादांनी मुंबईत केले होते. ती फीत आज नाही. खुद्द 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३ सालचा चित्रपटही आज आपल्याला पुरा पाहायला मिळत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही आत्याआजीला एकदम फाळक्यांच्या रांगेत बसवलंत." बसवले खरे.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दादांकडे सगळे जमले. आत्याला आरामखुर्चीत पुढे बसवले होते. सिनेमा सुरू झाला, आरास दिसली, ओवाळणे झाले, आत्या बोलू लागली. पडाव म्हणाली आणि थांबली. दादांचा सहा वर्षांचा नातू ओरडला, "अडकलं! अडकलं!" आणि रिमोट घ्यायला धावला. आत्याने डावा हात उचलून त्याचे मनगट धरले. तो उभा राहिला. पडद्यावर पदराचे टोक गुंडाळले गेले, सुटले. मग तांडेल आला, पडावातली माणसे हसली, खोलीतली माणसे हसली, आणि त्यांच्यात आत्याही होती. मुलाचे मनगट तिने अजून सोडले नव्हते.

आता भाषणांची फीत लावू का, असे दादांनी विचारले तेव्हा मंडळी मोदकांकडे वळली होती.