पिवळे पुस्तक

थंडीची चाहूल लागली की मुंडगोडच्या एक तिबेटी बाई आमच्या बेळगावात स्वेटर विकावयास येतात. १९६६ साली वसलेल्या त्या वसाहतीतच त्यांचा जन्म. तरी परदेशी लेकीकडे जाण्यास त्यांच्यापाशी पासपोर्ट नाही; भारत सरकार तिबेटी निर्वासितांना पिवळे ओळखपुस्तक देते.

२६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले तिबेटी हे भारतीय नागरिकच, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. मात्र २०१७ साली अट आली : पासपोर्ट हवा, तर निर्वासितांची वसाहत सोडा.

“म्हातारीला घेऊन कुठं जाऊ, दादा?” बाईंनी विचारले; आणि पिवळ्या पुस्तकासाठीच अर्ज केला.

वाचकहो, आमच्या कपाटातील पासपोर्टने आमच्याकडे घर कधीच मागितले नव्हते!