कयामतची तारीख

गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "टीचर, कयामत दोन वर्षांत येणार असेल तर मी सायन्सला कशाला जाऊ?" वर्ग हसला, ती हसली नाही. मोबाइलवर आलेला व्हिडिओ पाहून दोन रात्री तिला नीट झोप नव्हती.

वडीलधाऱ्यांना हे नवे नाही. रौजा-ए-मुबारकचे खादिम शेख अहमद यांना स्वप्न पडले, कयामत जवळ आली, या कागदाच्या प्रती वाटा, नाहीतर नुकसान होईल, असा वसीयतनामा बऱ्याच घरांत येऊन गेला असेल. डच अभ्यासक स्नूक हुरग्रोन्ये यांनी १८८० च्या दशकातच त्यावर लिहिले होते. म्हणजे शेखसाहेब सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकच स्वप्न पाहत आहेत! सौदीचे शेख इब्न बाज यांनी तो खोटा असल्याचे स्पष्ट केले, तरी झेरॉक्सवाल्यांचा धंदा चालूच राहिला.

हिशेबाचा मोह मोठ्या आलिमांनाही सुटला नाही. हिजरी १००० मध्ये कयामत येणार, अशी समजूत पसरली तेव्हा पंधराव्या शतकाच्या अखेरीस इमाम सुयूती यांनी रिसाला लिहून ती खोडून काढली. पण उम्मत १५०० च्या पुढे जाणार नाही, असा आपला अंदाजही त्यांनी त्यातच मांडला. आजचे काही व्हिडिओवाले तोच आकडा धरून बसले आहेत. हजारावे वर्ष (इ. स. १५९१-९२) आले आणि गेले. त्या निमित्ताने अकबर बादशाहने 'तारीख-ए-अल्फी' हा हजार वर्षांचा इतिहास लिहून घेतला. घाबरून बसण्यापेक्षा ते बरे.

मग चौदावी सदी. 'चौदावी सदी आहे, आता काय उरले?' हे बोलणे आपल्या घरांतही होते. १ मुहर्रम १४०० ला, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९ रोजी, फजरनंतर जुहैमान अल उतैबी आणि त्याच्या सशस्त्र साथीदारांनी मक्केतील हरम शरीफचा ताबा घेतला. आपला मेहुणा मुहम्मद बिन अब्दुल्लाह अल कहतानी हाच महदी, असे त्याने जाहीर केले. नाव जुळत होते, वडिलांचे नाव जुळत होते, साथीदारांना तशी स्वप्नेही पडली होती. जिथे पाखरू मारणेही हराम, तिथे दोन आठवडे गोळ्या चालल्या. 'महदी' त्यातच मारला गेला. ९ जानेवारी १९८० रोजी ६३ जणांचा शिरच्छेद झाला. हे लोक बेनमाजी नव्हते, हे मला सर्वांत जास्त टोचते. खुणा जुळवता जुळवता त्यांनी अल्लाहच्या घरात रक्त सांडले.

कयामतचा इल्म फक्त अल्लाहकडे आहे, हे सूरह आराफमध्ये स्पष्ट आहे. प्रेषितांना (स.) एकाने कयामत कधी, असे विचारले, तेव्हा त्यांनी तारीख सांगितली नाही, तू तयारी काय केलीस, असे उलट विचारले. हातात रोप असताना कयामत आली तरी शक्य असेल तर ते लावा, अशीही हदीस आहे. सायन्सचा फॉर्म त्या रोपासारखाच, असे मी मुलांना सांगते.

आईवडिलांना एक विनंती. मुलाने असा व्हिडिओ दाखवला तर मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसून विचारा: बोलणारा कोण, हदीस कोणत्या किताबातली, आणि याने मागच्या वर्षी कोणती तारीख दिली होती? तिसऱ्या प्रश्नावर मुले स्वतःच शोधायला लागतात.

आणि कोणाच्या जुन्या ट्रंकेत शेख अहमद यांचा छापील कागद असेल, तर त्यावरचे साल पाहून मासिकाच्या पत्त्यावर कळवा. वर्गात दाखवायचा आहे.