मंगळवारचं शूटिंग कोण करणार?

आपल्याकडे कॅमेरे इतके झालेत की रोजचं काही शूटच होत नाही. ऐकायला उलटं वाटेल, म्हणून आधीच सांगते, माझं भांडण कॅमेऱ्याशी नाही, फोनशी आहे. आणि मी बाजू घेतेय ती एका अशा वस्तूची, जी बाजारातून जाऊन दशकाहून जास्त काळ लोटलाय.

तिचं नाव फ्लिप. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्युअर डिजिटल या कंपनीने काढलेला, शर्टाच्या खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा. २००७ साली आलेल्या फ्लिप अल्ट्रात दोन पेन्सिल सेल घालायचे. मागे छोटा स्क्रीन, त्याखाली मोठं लाल बटण. दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. दोन जीबीच्या मॉडेलमध्ये साठ मिनिटं मावायची. बाजूने यूएसबीची पिन चाकूच्या पात्यासारखी उघडायची आणि थेट कॉम्प्युटरला लागायची. झूम नावापुरता. फ्लॅश नाही, फिल्टर नाही, सेल्फीचा कॅमेरा नाही.

मार्च २००९मध्ये सिस्कोने ही कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं आणि एप्रिल २०११मध्ये फ्लिपचा धंदाच गुंडाळला. मधल्या काळात, जून २००९मध्ये, व्हिडिओ घेणारा पहिला आयफोन आला होता. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की खिशात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला? मला वाटतं, रोजच्या चित्रणापुरता हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत रत्नागिरीसारख्या ठिकाणी आपण रोज मोजतोय.

आमच्याकडे फ्लिप दुकानात मिळत असल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरी तो मामेभावाबरोबर अमेरिकेहून आला. त्याआधी घरातलं हलतं चित्र म्हणजे लग्न किंवा मुंज. खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, त्याच्यामागे हॅलोजन धरून उभा असलेला पोरगा आणि त्या उजेडात डोळे बारीक करून हसणारे नातेवाईक. नंतर त्यावर बदामाच्या आकाराच्या चौकटी आणि सिनेमातली गाणी. गाणी चढवताना माणसांचा आवाज काढून टाकलेला. म्हणजे जे लोक आज नाहीत, ते कॅसेटमध्ये आहेत, पण मुके आहेत.

फ्लिपने हे बदललं, कारण त्याला प्रसंग लागत नव्हता. आमच्याकडच्या एका फाइलमध्ये आजी पडवीत बसून मासेवालीशी बांगड्यांच्या वाट्यावरून घासाघीस करतेय. अकरा मिनिटं. मध्येच कुकरची शिट्टी होते, मांजर येतं, कुणीतरी आतून सुट्टे पैसे आहेत का म्हणून विचारतं. दोघी भावावरून मुलीच्या बाळंतपणावर जातात, तिथून पावसावर आणि परत भावावर येतात. सुरुवातीला आजी कॅमेऱ्याकडे बघते, हे काय म्हणून विचारते, घे म्हणते. दुसऱ्या मिनिटाला विसरते. ही क्लिप कुणीही लाइक करणार नाही. पण आजी कशी बोलायची, कुठल्या शब्दावर जोर द्यायची, राग आल्याचं सोंग कसं करायची, हे आता फक्त त्या अकरा मिनिटांत आहे.

आता तुमच्या फोनची गॅलरी उघडा. आत्ता, हे वाचतावाचता. गेल्या तीस दिवसांतला असा एक व्हिडिओ शोधा, ज्यात तुमच्या घरातलं माणूस तुमच्याकडे न बघता सलग दोन वाक्यं बोलतंय. मिळाला तर पुढचं वाचू नका, तुम्हाला त्याची गरज नाही. बहुतेकांना वाढदिवसाचा केक, आरती, धबधबा आणि मित्राची फजिती मिळेल.

यात तुमचा दोष कमी आहे, यंत्राचा जास्त. फोन बाहेर काढला की सर्वांत आधी एक प्रश्न पडतो, हे टाकणार कुठे? स्टेटसला टाकायचं असेल तर एक लांबी, रीलला टाकायचं असेल तर उभी चौकट. म्हणजे बटण दाबायच्या आधीच प्रेक्षक घरात येऊन बसलेला असतो, आणि तो कंटाळू नये म्हणून आपण पहिल्या पंधरा सेकंदांतच थांबतो. समोरच्या माणसालाही हे ठाऊक असतं. फोन वर झाला की काकू पदर सारखा करतात, लहान मूल पोज घेतं, आजोबा गप्प होतात. फ्लिपला इंटरनेट नव्हतं. त्याला प्रेक्षक दाखवताच येत नव्हता. त्याच्यातली ही उणीवच मला सर्वांत मोलाची वाटते.

सिनेमाची सुरुवातही अशाच साध्या गोष्टींपासून झाली. लुमिएर बंधूंच्या चित्रफिती जेमतेम मिनिटाच्या असायच्या. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, बाळाला भरवणारे आईबाप. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. १९०१मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचं त्यांचं स्वागतही टिपलं. हे परांजपे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय शूट केलं? कुंडीतला वाटाणा. तो रुजून वर येताना. भांडवल देणाऱ्यांना पटवायला त्यांनी ती फिल्म वापरली. घरातल्या कुंडीकडे कॅमेरा लावून बसणं हा फालतूपणा आहे असं त्यांना वाटलं असतं तर?

आता आपल्या रीलमधली रत्नागिरी बघा. भाट्याचा किनारा, वरून. रत्नदुर्ग, वरून. पावसाळ्यातली शेतं, वरून, आणि मागे उदास गाणं. ड्रोनच्या उंचीवरून माणूस दिसत नाही, जमीन दिसते, आणि रिकामी दिसलेली जमीन विकायला सोपी जाते. खालच्या जमिनीवर काय चाललंय? घळ घेऊन झाडावर चढलेला माणूस हापूस उतरवताना खालच्याशी काय बोलतो? आढी लावताना कच्चा आंबा आणि तयार आंबा हाताने कसा ओळखतात? मिरकरवाड्याला लिलावात आकडा वाढतो तेव्हा बोली कशी लागते? शिमग्याला पालखी नाचवताना सगळे शूट करतात, पण पालखी पुढच्या घरी गेल्यावर अंगणात उरलेली माणसं काय बोलतात, ते कुणी केलंय? गणपतीला चाकरमानी येतात, पाच दिवसांत पन्नास रील होतात, आणि दार परत कुलूपबंद होतं. त्या घरात बोलली जाणारी बोली पन्नासातल्या एकाही रीलमध्ये नसते, कारण प्रत्येकावर गाणं आहे. हॅलोजनवाल्याने केलं तेच आपण करतोय, फक्त फुकटात.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, फोनचा कॅमेरा फ्लिपपेक्षा कितीतरी चांगला आहे. मान्य. फ्लिपला अंधारात काही दिसायचं नाही, वारा असला की आवाजाची माती व्हायची. पण चित्र किती स्वच्छ आहे हा प्रश्न जे चित्र आहे त्याच्याबाबत विचारता येतो. जे काढलंच नाही त्याचं काय?

दुसरं, फोनवरही हे सगळं करता येतं की. येतं. व्यायामही घरी करता येतो. अकरा मिनिटं फोन स्थिर धरला तर त्यात एक फोन येतो, चार मेसेज येतात, स्टोरेज भरल्याची सूचना येते, आणि मग जागा करायला आपण सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणी क्लिप आधी उडवतो. म्हणजे नेमकी आजीची.

तिसरं, हे म्हातारपणीचं रडगाणं आहे, आता सगळं ऑनलाइन सुरक्षित असतं. सुरक्षित? २९ जून २०२०ला केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. गावोगावच्या पोरापोरींनी तिथे जे केलं होतं, त्याचं दार त्यांच्यासाठी बंद झालं. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. ज्यांनी मूळ फाइल स्वतःकडे ठेवली नव्हती त्यांच्या हातात काय राहिलं, एवढंच मी विचारतेय. सिस्कोने फ्लिप बंद केला तरी त्यातल्या फाइल माझ्या हार्ड डिस्कवर आहेत आणि आजही उघडतात. कंपनी मेली, आजी गेली, अकरा मिनिटं राहिली.

फ्लिप शोधत फिरा असं मी म्हणत नाही. घरात स्क्रीनला तडा गेलेला जुना फोन असेलच. त्यातलं सिम काढा, सगळी अ‍ॅप उडवा, वायफाय बंद करा, फक्त कॅमेरा ठेवा. किंवा कपाटातला जुना हँडीकॅम चालतो का बघा. तो दाराजवळच्या फळीवर ठेवा, घरातल्या कुणालाही उचलता येईल असा. कुणाचंही शूटिंग विचारूनच करा, नको म्हणाले तर नको. कॅमेरा आडवा धरा. निदान पाच मिनिटं थांबवू नका. सुरुवातीला तारीख आणि गाव तोंडाने बोला. गाणं लावू नका, कापू नका. महिन्याच्या शेवटी फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करा.

रील बनवणं सोडा असंही म्हणत नाही. तो तमाशा आहे, आणि तमाशाला प्रेक्षक हवाच. पण घरातल्या सगळ्याच गोष्टींचा तमाशा करायचा नसतो. काही गोष्टींचे प्रेक्षक अजून जन्मालाही आलेले नाहीत. तुमची भाची वीस वर्षांनी विचारेल की पणजी कशी बोलायची, तेव्हा तिला धबधबा दाखवणार आहात का?

येत्या मंगळवारी सण नाही, वाढदिवस नाही, पाहुणे नाहीत असं असेल, तर तोच दिवस धरा. स्वयंपाकघराच्या दारात कॅमेरा ठेवा, बटण दाबा आणि तुम्हीही आत जाऊन कांदा चिरायला बसा.