मोटारसायकलवरून घाट : निघण्याआधीचा हिशेब

पावसाळा सरत आला, की आमच्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. मोटारसायकल घेतली आहे, हप्ते चालू आहेत, दोन दिवसांची सुटी जोडून आली आहे, आडवाटेने एखादा घाट पाहून यावे म्हणतो. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "किती किलोमीटर पडेल?" आमच्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की हातात उजेडाचे तास किती आहेत? सपाटीवर पन्नास किलोमीटरला तास लागतो. घाटात तेवढ्याच अंतराला दोन तास धरावेत, आणि थांबून पाहायचे असेल तर तीन. डिसेंबरात संध्याकाळी सहा वाजता सूर्य मावळतो आणि दरीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. हा हिशेब न करता निघालेली मंडळी शेवटचा घाट अंधारात, घाईघाईने आणि थकल्या डोळ्यांनी उतरतात. त्यात पाहणे तर राहूनच जाते.

आम्ही या हौसेच्या विरोधात मुळीच नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे घाट पाहिले ते एस.टी.च्या खिडकीतून, नाहीतर महाडला निघालेल्या ट्रकच्या फाळक्याला धरून. वाटेल तिथे थांबावे, झऱ्याचे पाणी तोंडावर मारावे, दरीकडे पाहत भाकरी खावी, ही चैन त्यांच्या वाट्याला आली नाही. ती आता पोरांच्या आवाक्यात आली असेल तर त्यांनी जरूर जावे, पोरींनीही जावे. मात्र आपल्या घरांतून मोटारसायकल ही नुसती हौसेची वस्तू नसते. तीच कामावर नेते, तीच आईला दवाखान्यात नेते, आणि तिच्यावर बसणारा बहुधा घरचा कमावता असतो. म्हणून आखणी घरच्यांना सोबत घेऊन व्हावी, असे आम्हाला वाटते.

उदाहरणादाखल एकच वाट घेऊ. पुण्याहून भोर, भोरहून वरंध घाटाने महाड, महाडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पोलादपूर, तेथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाटाने वाई, आणि वाईहून मोठा रस्ता टाळून मांढरदेवीच्या घाटाने परत भोर. पुणे ते भोर पन्नास, भोर ते महाड पाऊणशेच्या आसपास, महाड ते पोलादपूर वीस, पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीस, तेथून वाई बत्तीसच्या घरात. पुण्यात परत येईपर्यंत सारे मिळून तीनशे किलोमीटर होतात. महामार्गाच्या हिशेबाने हे एका दिवसाचे काम वाटेल. आम्ही दोन दिवसांपेक्षा कमी सांगणार नाही.

दिशाही विचार करून धरावी. वरंध घाट सकाळी उतरताना ऊन पाठीमागे राहते आणि समोरची शिवथरची दरी उजळलेली दिसते. हाच घाट दुपारनंतर उतरायला घेतला तर कलता सूर्य नेमका डोळ्यांवर येतो, आणि वळणावर समोरची गाडी दिसत नाही. पण फार पहाटेही शिरू नये. सह्याद्रीचा कोकणाकडचा कडा सकाळी बराच वेळ सावलीत असतो. तिथला रस्ता दवाने ओला असतो, कडेला शेवाळ असते. पुण्याहून सहाला निघावे, भोरला न्याहारी करावी, आठाच्या सुमारास पुढे व्हावे. वाटेत नीरा देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते. घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी भजी-चहाच्या टपऱ्या आहेत, तिथे गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावून अर्धा तास बसावे. माकडांना काही देऊ नये. ती पिशवीवर झेप घेतात आणि त्या गडबडीत माणूस कठड्याकडे सरकतो.

आखणी म्हणजे मुख्यतः थांबण्याच्या जागा ठरवणे. चालत्या गाडीवरून दरी पाहता येत नाही, पाहूही नये. नजर जिकडे जाते तिकडे गाडी जाते, हे चालवणाऱ्याला शिकवावे लागत नाही. म्हणून या वाटेवर पाहण्याच्या चार-पाच जागा आधीच ठरवाव्यात, नीरा देवघरचा काठ, वाघजाई, प्रतापगडाच्या पायथ्याचा वाडा, पाचगणीच्या पुढे धोमचे पाणी दिसते तो पसरणीचा माथा. मधल्या रस्त्यावर फक्त रस्ताच पाहावा. वळणावर थांबून फोटो काढणारी मंडळी पाहिली, की आम्हाला त्यांच्यापेक्षा मागून येणाऱ्या ट्रकवाल्याची काळजी वाटते.

महाडला दुपारी एकपर्यंत पोहोचता येते आणि उरलेला दिवस रिकामा मिळतो. तो मुद्दाम रिकामा ठेवायचा. चवदार तळ्यावर आपण एरवी जातो ते २० मार्चच्या गर्दीत, हजारोंच्या रांगेत. एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी काठावर निवांत बसून पाहावे. गावाबाहेर महामार्गालगत डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, ती बहुतेकांची राहूनच जातात. घाटाच्या वरच्या अंगाला, भोरपासून फार दूर नाही अशा शिरवळलाही बौद्ध लेणी आहेत. जुन्या व्यापारी वाटांच्या माथ्याला आणि पायथ्याला अशी लेणी पुष्कळ ठिकाणी आढळतात. घाट चढण्याआधी मुक्काम आणि उतरल्यावर मुक्काम, हा त्या काळच्या तांड्यांचा शिरस्ता होता. बैलांना विश्रांती लागत असे, तशी ती गाडी चालवणाऱ्याच्या मनगटांना आणि पाठीलाही लागते.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी. या घाटाचे नाव काढले, की २८ जुलै २०१८ आठवतो. दापोलीहून महाबळेश्वरच्या सहलीला निघालेली बस याच घाटात दरीत गेली आणि ३० जणांचा बळी गेला. तीही सहलच होती, आणि दिवस भर पावसाळ्याचे होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. आंबेनळीचा रस्ताही त्याच पावसात तुटला होता. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबर या घाटांत मोटारसायकलची सहल काढू नये. हिरवाई आणि धबधबे खरे, पण डोंगरही त्याच दिवसांत सुटतो. वरंध घाट तर अलीकडच्या पावसाळ्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने वाहतुकीला बंद होत आला आहे, आणि तो बंद असताना अडथळ्याच्या कडेने गाडी घालणाऱ्यांना धाडसी म्हणण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. दसऱ्यानंतर जावे. गवत तेव्हाही हिरवे असते, ओढ्यांना पाणी असते, हवा स्वच्छ असते. निघण्याच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे ना, एवढे मात्र कोणत्याही ऋतूत विचारून घ्यावे. एस.टी. आगारात विचारले तरी कळते. ज्या घाटातून एस.टी. जात नाही, तिथे आपण कशाला जावे?

आता थोडे गाडीविषयी. चढणाला कोणीही जपतो, अपघात उताराला होतात. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची खोड अजून गेलेली नाही. ती घाटात प्राणावर बेतते. ज्या गिअरमध्ये चढ चढलो, त्याच गिअरमध्ये तसला उतार उतरावा. इंजिनच गाडी धरून ठेवते, ब्रेकला फक्त अधूनमधून हात लावावा लागतो. ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. बिनगिअरच्या स्कूटरवर इंजिनाची ही पकड कमी असते, म्हणून स्कूटरवाल्यांनी वेग आधीपासूनच कमी ठेवावा आणि मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. वळणावर खडी सांडलेली असू शकते, शेण असते, खालच्या अंगाला गावाजवळ पेंढाही पसरलेला असतो. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा आणि समोरून कोणी येत नाही असे वाटले तरी आपली डावी बाजू सोडू नये. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि तो शहाणपणाचाही आहे. भरल्या ट्रकला चढावर थांबवले, तर त्याला पुन्हा उचलणे फार जड जाते.

पेट्रोल भोरला भरावे आणि पुढे महाडपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नये. महाडला पुन्हा भरावे. टाकी अर्धी म्हणजे रिकामी, असे घाटापुरते समजावे. टायरची हवा, चेन, ब्रेकचे लायनर, दिवे हे निघण्याच्या दोन दिवस आधी तपासून घ्यावे, म्हणजे काही निघालेच तर दुरुस्तीला एक दिवस हाती उरतो. सोबत क्लचची एक केबल, प्लग, पंक्चरचे साहित्य असू द्यावे. फोनवरचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा, कारण घाटात पट्ट्यापट्ट्याने फोन लागत नाही. नकाशा जवळची वाट दाखवतो, ती कधी कधी बैलगाडीची असते. फाट्यावर शंका आली तर म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचा विचार आखणीत सहसा कोणी करत नाही. ती बायको असो, बहीण असो की मित्र, हेल्मेट दोघांनाही हवे. कायदा तसा आहेच, पण खडकाला डोके कोणाचे हे कळत नाही. हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण पाहून घ्यावी. साडीचा पदर आणि ओढणी बांधून घ्यावी, मागच्या चाकावरची जाळी काढलेली असेल तर परत बसवून घ्यावी. दर तासाला उतरून पाय मोकळे करावेत. आणि एक गोष्ट पुरुषमंडळींच्या ध्यानात येत नाही. बाईमाणसाला स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे आधी ठरवले नाही तर ती बिचारी दिवसभर पाणीच पीत नाही. भोर, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, वाई येथील एस.टी. स्थानके आणि जेवणाची हॉटेले, एवढे तरी टिपून ठेवावे. थांबे त्यांच्या सोयीने लावावेत.

चार-पाच गाड्यांहून मोठा तांडा करू नये. सगळ्यांत नवखा असेल त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे, जाणता शेवटी असावा. पुढच्याला गाठण्यासाठी कोणी वेग वाढवायचा नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचे, एवढे ठरले की कोणी चुकत नाही आणि कोणी पळतही नाही. ज्याला हे जमत नसेल त्याला नेऊ नये, मग तो जिवलग का असेना. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती तर चावी देऊच नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

विम्याचा कागद बहुतेक घरांत ट्रंकेत पडलेला असतो, तो एकदा उघडून वाचावा. नुसत्या सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्या माणसाची जोखीम धरलेली नसते. त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, तो फार नसतो. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते आपल्या पॉलिसीत आहे का, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे बायकोला आणि आईला माहीत हवे. आमच्या पाहण्यात असे घर आहे, की जिथे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

वाटेत दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर थांबावे. पोलीस मागे लागतील ही भीती आता धरू नये. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही, असे कायद्यातच आहे. १०८ ला फोन लावावा, लागत नसेल तर एकाने जखमीजवळ थांबावे आणि दुसऱ्याने फोन लागेल तिथपर्यंत जावे.

निघण्याच्या आदल्या रात्री वहीच्या पानावर चार ओळी लिहून घरी ठेवाव्यात. कोणत्या वाटेने जाणार, मुक्काम कुठे, सोबत कोण आणि त्यांच्या घरचे फोन, गाडीचा नंबर. भोर, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, वाई आणि परतताना पुन्हा भोर, एवढ्या ठिकाणांहून "पोहोचलो" एवढाच निरोप द्यायचा. ठरल्या वेळेनंतर दोन तास निरोप आला नाही तर घरच्यांनी आधी सोबत्यांना फोन करायचा, मग ११२ ला. ते पान दाराजवळ, सगळ्यांना दिसेल असे लावावे.